अबॅलोनची जात कवचावरून ओळखताना या चुका टाळा

अबॅलोन म्हणजे कानाच्या आकाराचं कवच असलेली समुद्री गोगलगाय. कुलाबा कॉजवेवर किंवा चोर बाजारात तिचं कवच हाती आलं की लोक आधी ते उलटं करून आतली चमक बघतात. चमक सगळ्याच जातींना असते. गडद निळी-हिरवी झाक दिसली की विकणारा 'न्यूझीलंडचा पाउआ' म्हणून मोकळा होतो, पण कॅलिफोर्नियाचं ग्रीन अबॅलोनही आतून तसंच झळकतं. जात ओळखायची तर आधी पाठ बघा, आणि पाठीवरची भोकं.

ती मोजतानाच सगळ्यात जास्त गडबड होते. प्राणी वाढतो तशी काठाकडे नवी भोकं होतात, मागची बुजत जातात. बुजलेल्यांचे नुसते उंचवटे उरतात, ते धरायचे नाहीत. कवच उजेडाकडे धरा. आरपार दिसेल तेवढंच भोक. कॅलिफोर्नियाच्या जातींपैकी रेड अबॅलोनला सहसा 3-4 उघडी असतात, पिंकला 2-4, ग्रीनला 5-7, ब्लॅकला 5-9. आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसत्या मोजणीवर निकाल देऊ नका. भोकांवरून बोट फिरवा. ब्लॅकवर ते न अडखळता सरकतं, रेडच्या कडा बोटाला लागतात, आणि पिंकच्या तर छोट्या नळ्यांसारख्या वर आलेल्या असतात. पिंकची पाठही वळ्यावळ्यांची.

रंगावर फार जाऊ नका. तो खाल्लेल्या शेवाळावर ठरतो. खाणं बदललं की एकाच कवचावर वेगळ्या रंगाचे पट्टे उमटतात.

आकाराचंही तेच. मन्नारच्या आखातातली हॅलिओटिस व्हेरिया ही अबॅलोनची जात छोटीच असते, हे खरं. पण 'लहान म्हणजे आपल्याकडचं' हा हिशेब चुकतो, कारण सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत वाढणारं रेड अबॅलोनही कधीतरी लहान असतंच!

जुहूच्या वाळूत कानाच्या आकाराचा पांढरा शंख मिळाला आणि त्याला भोकांची रांग नसेल, तर तो अबॅलोन नव्हे.

साफसफाईला व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात नको. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आम्लात विरघळतं, आणि आधी जातात ते पाठीवरचे बारीक कंगोरेच. साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. दुकानातली चकचकीत कवचं तर पाठ घासूनच विकायला आलेली असतात. शोभेला ठीक, ओळखायला मात्र न घासलेलं मागा, आणि ते कुठल्या समुद्रातलं हेही विचारा. उत्तर नुसतं 'फॉरेनचं' असं आलं आणि खुणाही पुसट असतील, तर चिठ्ठीवर 'हॅलिओटिस' (सगळ्या अबॅलोनचं सामायिक शास्त्रीय नाव) एवढंच लिहा.