‘बिनाका गीतमाला’च्या वार्षिक याद्या कशा वाचाव्यात

जुन्या हिंदी चित्रपटगीतांविषयी लिहिताना किंवा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह वर्षवार लावताना बहुतेक अभ्यासक ‘बिनाका गीतमाला’ या रेडिओवरील लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक कार्यक्रमाच्या वार्षिक याद्या समोर ठेवतात. अमुक गाणे त्या यादीत तिसरे आहे, म्हणजे त्या वर्षी देशभरातील रेडिओवर सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांत ते तिसरे होते, असा अर्थ मग सहज लावला जातो. तो चुकीचा आहे. या याद्या मौल्यवान आहेत आणि त्यांचा आधार अवश्य घ्यावा; मात्र त्यांत काय मोजले गेले आहे, हे आधी नीट समजून घ्यावे.

शेजारच्या सिलोनमधील (आजची श्रीलंका) ‘रेडिओ सिलोन’ या केंद्रावर ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सायानी यांच्या निवेदनात हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचे स्वरूप स्पर्धेचे होते. अर्ध्या तासात सात गाणी ऐकवली जात आणि श्रोत्यांनी ती योग्य क्रमाने लावून पत्राने कळवायची असत. पत्रांचा ओघ इतका वाढला की ती वाचून, तपासून संपेनात, आणि पुढे लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी ऐकवण्याची पद्धत सुरू झाली. क्रम ठरवण्यासाठी प्रथम ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील विक्रीचा आधार घेतला गेला. त्यात लवकरच एक उणीव दिसून आली : लोकांना हव्या असलेल्या गाण्याची तबकडी दुकानात शिल्लकच नसेल, तर विक्रीच्या आकड्यात ते गाणे मागे पडत असे. म्हणून गावोगावच्या श्रोतासंघांचे कौलही त्यात मिळवले गेले. थोडक्यात, दुकानदार काय विकतात आणि संघटित श्रोते काय मागतात, या दोहोंचा तो मेळ होता. कोणत्या केंद्राने कोणते गाणे किती वेळा लावले, याची मोजणी त्यात नव्हती. अगदी पहिल्या वर्षांची यादी आणि पद्धत स्थिरावल्यानंतरची यादी एकाच मापाने तोलणेही त्यामुळे योग्य ठरत नाही.

प्रसारणाची मोजणी करणारी यादी ही निराळी गोष्ट आहे. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाने आपल्या कंट्री संगीताच्या यादीसाठी जानेवारी १९९० पासून यंत्राद्वारे प्रसारणावर लक्ष ठेवून मिळवलेली नोंद वापरायला सुरुवात केली, त्याआधी केंद्रांनी स्वतः कळवलेल्या याद्यांवर भिस्त होती. अशी यादी वाचताना आपण केंद्रचालकांची निवड वाचत असतो आणि तिच्यामागून श्रोत्यांची आवड अंदाजाने ओळखत असतो.

आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात ही मोजणी झाली असती, तर तिने काय दाखवले असते, याचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी लघुलहरींवरील सिलोनकडे काटा फिरवला. ‘विविध भारती’ ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, ती या पार्श्वभूमीवर. १९५३ साली देशातील सरकारी केंद्रांवरच्या प्रसारणाची प्रामाणिक मोजदाद केली असती, तर ज्या गाण्यांनी हॉटेले आणि नाके दणाणून जात होते, ती गाणी त्या कागदावर अगदी तुरळक आढळली असती. कोणतीही यादी हाती घेताना ‘हे कोणी मोजले, आणि मोजणाऱ्याच्या हातात काय होते’ हा प्रश्न प्रथम विचारावा, असे मी आग्रहाने सांगतो ते याच कारणाने.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. यादीतील वर्ष हे चित्रपटाच्या प्रदर्शनाचे वर्ष मानू नये. ‘जंगली’ हा चित्रपट १९६१ सालचा. त्यातील ‘एहसान तेरा होगा मुझपर’ हे गाणे मात्र १९६२ च्या वार्षिक यादीत पहिले आहे. संग्रह वर्षवार लावताना यासाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत, एक प्रदर्शनाच्या वर्षाचा आणि दुसरा यादीच्या वर्षाचा. एकाच रकान्यात दोन्ही कोंबले की पुढचा सगळा हिशेब बिघडतो, आणि तो नंतर निस्तरणे फार कष्टाचे होते. हेच गाणे आणखी एक सावधगिरी शिकवते. चित्रपटात ते मोहम्मद रफी यांच्या आवाजात आहे, तसेच लता मंगेशकर यांच्याही आवाजात आहे. यादीच्या एखाद्या प्रतीत केवळ मुखडा दिलेला असेल, तर गायकाचे नाव आपल्या आठवणीवरून भरू नये. ते नाव देणारी दुसरी प्रत मिळेपर्यंत तो रकाना मोकळा ठेवावा.

संगीतकाराच्या बाबतीतही चित्रपटाच्या नावावरून निष्कर्ष काढू नये. १९५३ च्या यादीत अग्रस्थानी असलेले ‘ये ज़िंदगी उसी की है’ हे ‘अनारकली’मधील गीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचे आहे. परंतु त्याच चित्रपटात वसंत प्रकाश यांचेही संगीत आहे. तेव्हा एका चित्रपटाची सगळी गाणी एकाच संगीतकाराच्या खात्यावर जमा करण्यापूर्वी श्रेयनामावली किंवा तबकडीवरचे लेबल पाहावे.

वार्षिक क्रम हा वर्षभरात आठवड्यागणिक मिळालेल्या गुणांच्या बेरजेवर ठरत असे, हे ध्यानात घेतले की अनेक कोडी सुटतात. काही आठवडे शिखरावर राहून झपाट्याने उतरलेल्या गाण्यापेक्षा मधल्या पायदानांवर (म्हणजे क्रमांकांवर) चिकाटीने टिकलेले गाणे वर्षअखेरीस पुढे जाऊ शकते. वर्षाच्या शेवटी आलेल्या गाण्याचे आठवडे दोन वर्षांत विभागले जाण्याचा संभव असल्याने, ते एका यादीत खाली दिसले तर पुढच्या वर्षाची यादीही उघडून पाहावी. बराच काळ यादीत राहिलेल्या गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणून निरोप दिला जाई. त्यानंतरच्या आठवड्यांत ते दिसत नाही, याचा अर्थ लोकांची आवड ओसरली असा घेऊ नये. संगीतकारांची तुलना करायची असल्यास केवळ पहिल्या क्रमांकांची गणती न करता यादीतील त्यांची एकूण गाणी आणि त्यांची स्थाने दोन्ही पाहावीत.

कार्यक्रमाची नावे आणि ठिकाणे बदलत गेली, तीही नोंदवावीत. कार्यक्रमाच्या प्रायोजक टूथपेस्टचे नाव बदलले तसे ‘बिनाका’चे ‘सिबाका’ झाले, आणि १९८९ पासून कार्यक्रम विविध भारतीवर आला. विविध भारतीवर जाहिराती घेण्याची सुरुवात १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथूनच झाली होती. म्हणजे तोवर महाराष्ट्रातील श्रोत्याला प्रायोजित गाण्यांसाठी सिलोनवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नव्हते. लघुलहरींवर कान लावून ऐकलेल्या काळातील यादी आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरची यादी यांच्यामागचा श्रोतृवर्ग एकच आहे, असे गृहीत धरून आलेख काढू नयेत. मराठी भावगीते, नाट्यगीते आणि लावण्या या हिंदी चित्रपटगीतांच्या यादीच्या कक्षेतच नव्हत्या. त्यामुळे ‘महाराष्ट्र त्या वर्षी काय ऐकत होता’ या प्रश्नाचे उत्तर येथे शोधू नये.

शेवटी घरातील वहीविषयी. अनेक श्रोते दर आठवड्याची पायदाने वहीत उतरवून ठेवत. अशी वही हाती लागली, तर तिच्यासारखा पुरावा नाही. इंटरनेटवर फिरणाऱ्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि एकीतील चूक दहा जणींत जाते. वहीची पाने प्रथम जशीच्या तशी छायाचित्रात टिपावीत, चुकलेले शब्द दुरुस्त न करता उतरवावेत आणि शंका बाजूला वेगळ्या शाईने लिहाव्यात. रेडिओ सिलोनच्या काळातील नोंद असेल, तर तारखेचा वार दिनदर्शिकेवरून काढावा. गीतमाला बुधवारी रात्री आठ वाजता लागत असे. पहिल्या कार्यक्रमाचा दिवसही बुधवारच होता. वहीतील तारीख बुधवारी पडत नसेल, तर ती नोंद नंतर आठवून केलेली असू शकते, किंवा दुसऱ्याच एखाद्या कार्यक्रमाची असू शकते. अशा नोंदीपुढे खूण करावी आणि दुसऱ्या वहीचा आधार मिळेपर्यंत ती हिशेबात धरू नये.