कंपायलर नवा, पण लायब्ररी जुनी?

सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेचं 'सी प्लस प्लस २०' हे मानक, म्हणजे अधिकृत नियमावली, डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. पण मानक छापून आलं म्हणजे ते तुमच्या मशीनवर आलं, असं नाही. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन. त्याच्या ११ व्या आवृत्तीला सी प्लस प्लस २० चा फ्लॅग ('हे मानक वापर' असं सांगणारा पर्याय) द्या, तो निमूट घेतो. 'फॉरमॅट' हेडर (मजकूर साच्यात बसवणारा, लायब्ररीतला म्हणजे सोबतच्या तयार कोडमधला भाग) मागितलं की मात्र हात वर करतो. ते मिळतं जीसीसी १३ पासून. उबंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीवर डिफॉल्ट जीसीसी ११ आहे, २४.०४ वर १३. लिनक्सवर नुसता क्लँग हा दुसरा कंपायलर नवा घालूनही भागत नाही, कारण तो सहसा जीसीसीचीच लायब्ररी वापरतो.

मुंबईच्या सीप्झमधल्या आपल्या लॅपटॉपवर चाललेला कोड ठाण्याच्या क्लायंटकडे अडला, की हेच बघायचं. (लोकलमध्ये लोंबकळत जाऊन हे कळण्यात काही मजा नाही, अनुभव आहे.) आधीच त्यांच्या सर्व्हरची आवृत्ती विचारून घ्या. आणि कोडमध्ये आवृत्तीचा आकडा तपासण्याऐवजी 'व्हर्जन' हेडरमधला त्या सुविधेचा मॅक्रो (ती सुविधा आहे की नाही हे सांगणारी खूण) तपासा. नसेल तर पर्यायी कोड चालू द्या. मॉड्यूल्स (हेडरऐवजी कोडचे भाग जोडायची सी प्लस प्लस २० मधली नवी पद्धत)? डिलिव्हरी तोंडावर असेल तर त्या वाटेला जाऊच नका.