हार्ट अटॅक आणि कमी हिमोग्लोबिन: या चुका टाळा

हार्ट अटॅकचा रुग्ण आला की ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन), इको (हृदयाची सोनोग्राफी) यांवर सगळे तुटून पडतात. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीचा, कागद फाइलच्या तळाशी जातो. त्यावर हिमोग्लोबिन ९ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) दिसलं तरी "वयामुळे असेल, नंतर बघू". या "नंतर बघू"ची मला चीड आहे. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी, म्हणून हृदय जोरात धावतं. धावलं की त्याची स्वतःची भूक वाढते, आणि ठोक्यांमधली विश्रांती आखडल्यामुळे त्याच्याच स्नायूला रक्त कमी मिळतं. अशा रुग्णांत मृत्यू, हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) आणि रक्तस्राव, तिन्ही जास्त दिसतात.

आता माझी लाडकी चूक: "रक्ताच्या दोन पिशव्या चढवून टाका."

एका आजींच्या छातीत दडपण होतं, ट्रोपोनिन वाढलेलं, हिमोग्लोबिन ७.४. सकाळच्या राउंडला आकडा बरा दिसावा म्हणून रात्रपाळीच्या डॉक्टरने लागोपाठ दोन पिशव्या भराभर सोडल्या. दुसरी अर्ध्यावर आली तेव्हा आजी उठून बसल्या, आडवं पडवेना, दोन्ही फुफ्फुसांत तळापासून वरपर्यंत बुडबुड्यांचा आवाज, म्हणजे पाणी भरलेलं. फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध), बायपॅप (मास्कने श्वासाला आधार देणारं यंत्र), रात्रभर धावपळ. राउंडला हिमोग्लोबिन मात्र खरंच छान आलं होतं.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. एका वेळी एकच पिशवी, तीन-साडेतीन तासांत. चार तासांच्या आत ती संपलीच पाहिजे. मधे दोनदा मानेची शीर फुगली का बघायची, पाठीला स्टेथोस्कोप लावायचा. अंगावर आधीच सूज असेल तर फ्युरोसेमाइड आधी. पिशवी संपली की पुन्हा सीबीसी, मगच दुसरीचा विचार. एका पिशवीने साधारण १ ग्रॅम वाढतं, एवढा हिशेब पुरतो.

रक्त कधी द्यायचं यावरही "७ च्या खाली गेल्याशिवाय नाही" असं पाठ केलेले लोक भेटतात. इतर रुग्णांत ठीक. पण २०२३च्या मिंट चाचणीत (रुग्णांवरच्या तुलनात्मक अभ्यासात) अटॅक आलेले आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली असलेले सुमारे ३,५०० रुग्ण होते. हिमोग्लोबिन ७-८ पर्यंत उतरेतो रक्त न देता थांबलेल्या गटात ३० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा अटॅक १६.९ टक्के, १० च्या वर ठेवलेल्या गटात १४.५. फरक सांख्यिकीच्या कसोटीवर थोडक्यात हुकला, तरी अटॅकच्या रुग्णात ७ चा हट्ट मी धरत नाही. ८ च्या खाली देतो. ८ ते १० मध्ये छातीत दुखतंय का, ईसीजी बदलतोय का, हे बघून ठरवतो.

दुसरी चूक, कारण न शोधणं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि हेपरिन ही गुठळी होऊ न देणारी औषधं एकदम सुरू होतात आणि "शौचाला काळं होतं का?" (म्हणजे पोटात रक्त जातंय का) हे कुणी विचारतच नाही. पोटातला अल्सर किंवा आतड्याची गाठ याच औषधांनी वाहू लागते. मग घाबरून गोळ्या बंद करायच्या आणि नवा स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) गुठळीने बुजवून घ्यायचा, हा त्यावरचा कळस. कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय त्या गोळ्यांना हात लावू नका.

बाकीच्या थोडक्यात. अंगात पाणी साठलं असताना हिमोग्लोबिन पातळ होऊन कमी दिसतं. सूज उतरल्यावर पुन्हा तपासा.

हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) १५० आलं म्हणून लोह भरपूर आहे असं नाही. १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे) २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे कमतरताच.

अशा रुग्णाला डिस्चार्जच्या वेळी लोहाची गोळी लिहून मोकळं होणं हा शॉर्टकट. आयर्नआउट चाचणीत गोळ्यांनी व्यायामक्षमता वाढली नाही. शिरेतून दिलेल्या लोहाने पुन्हा भरती होणं कमी होतं, मृत्यू कमी झाल्याचं मात्र २०२०च्या अफर्म चाचणीत दिसलं नाही. आकडा वाढवायला एरिथ्रोपोएटिनची (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या हार्मोनची) सुई तर नकोच: गुठळ्या वाढतात, फायदा शून्य.

आणि रोज सकाळी सवयीने चार-चार ट्यूब रक्त काढणं थांबवा. तेही रुग्णाचंच जातं.