टेबल टेनिसची (टीटीची) पहिली बॅट: या चुका टाळा

इंदूरच्या अभय प्रशाल स्टेडियममध्ये मोठ्यांचा सामना बघून आलेलं मूल दुसऱ्या दिवशी दुकानात म्हणतं, “काका, फास्टवाली बॅट दाखवा.” बाबा पैसे मोजायला तयार असतात आणि कार्बनचा थर असलेलं ब्लेड, म्हणजे रबराखालची फळी, घरी येतं. काही महिन्यांत त्या मुलाचा फोरहँड अर्धा होतो. चेंडू टेबलाबाहेर जाऊ नये म्हणून ते हात आखडून, नुसतं मनगट पुढे करून खेळायला लागतं. बॅट एका दिवसात बदलता येते, ही सवय मोडायला मात्र फार दिवस लागतात.

ब्लेड

नियमानुसार ब्लेडच्या जाडीत किमान 85 टक्के लाकूड हवं, आणि कार्बनचा एक थर 0.35 मिमीहून जाड चालत नाही. पण कागदासारख्या त्या थरानेही वेग वाढतो आणि चेंडू लागल्याची जाणीव हातापर्यंत कमी पोचते. नवशिक्याला नेमकी तीच जाणीव हवी असते: चेंडू मधोमध लागला की कडेला, घासला गेला की नुसता ढकलला गेला. म्हणून पाच थरांचं, निव्वळ लाकडी, ‘ऑलराउंड’ प्रकारचं ब्लेड घ्या. स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक किंवा त्या जातीचं दुसरं कुठलंही चालेल.

दुकानात नुसतं ब्लेड हातात धरून वजनाचा अंदाज घेतात, तो फसतो. दोन रबरं चिकटली की आणखी 80 ते 90 ग्रॅमची भर पडते, तीही मुठीपासून लांब. ब्लेड 80 ते 85 ग्रॅमचं असलं म्हणजे पुरे. लहान मुलाला त्याहून हलकं द्या. मूठ सरळ की खाली रुंद होणारी, हे हाताला विचारा. त्यावर फार डोकं खपवू नका.

रबर

नाव सगळे बघतात, जाडी फार कमी जण बघतात. पाकिटावरचे 1.5, 1.8, 2.0 किंवा ‘मॅक्स’ हे रबराखालच्या स्पंजच्या जाडीचे, मिमीमधले आकडे असतात. जाड स्पंजमध्ये चेंडू खोल रुततो आणि जोरात बाहेर फेकला जातो. बॅटचा कोन जरा चुकला की पुश (खालून घासून हळू ढकललेला चेंडू) उंच उडतो, ब्लॉक (समोरचा जोराचा फटका नुसता अडवणं) टेबलाबाहेर. 1.5 वर ताबा उत्तम राहतो, पण टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) शिकायची वेळ आली की स्पंज अपुरा पडतो. आमचं मत स्पष्ट आहे: दोन्ही बाजूंना 1.8, मऊ ते मध्यम स्पंज, यासाका मार्क व्ही किंवा बटरफ्लाय स्रायव्हरसारखं जुनं, भरवशाचं रबर.

‘चिकट रबर म्हणजे जास्त स्पिन’ हे अर्धसत्य आहे. हरिकेन 3 सारख्या चिनी रबराचा स्पंज कडक असतो. तो जागा व्हायला पाय आणि कंबर वापरून पूर्ण फटका मारावा लागतो. अर्ध्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू त्यावरून नेटमध्येच पडतो.

भारताची मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) वापरते, म्हणून मुलीही ते मागतात. त्या रबरावर समोरच्याचाच स्पिन उलटून परत जातो. स्वतःचा स्पिन कसा काढायचा आणि दुसऱ्याचा कसा ओळखायचा, हे शिकण्याआधी ते हातात आलं तर दोन्ही राहून जातं.

चिकटवताना

चांगली रबरं इथेच वाया जातात. सुताराचा गोंद लावला तर रबर काढताना लाकडाचा पापुद्रा सोबत निघतो. पंक्चरचं सोल्युशन तर नकोच. उडून जाणाऱ्या द्रावकांचे गोंद 2008 पासून स्पर्धांमध्ये बंद आहेत. टीटीसाठी मिळणारा, पाण्यावर आधारित गोंदच घ्या.

नव्या ब्लेडवर आधी वॉर्निशचा एक पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. मग लाकडावर गोंदाचा एक पातळ थर आणि स्पंजवर दोन, कारण पहिला थर स्पंज पिऊन टाकतो. गोंद लावताना दुधासारखा पांढरा दिसतो. तो काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत थांबा, एकही पांढरा ठिपका राहू देऊ नका. मे महिन्यात हे पटकन होतं, श्रावणातल्या दमट हवेत बराच वेळ लागतो. घाई केली तर ओल आत अडकते आणि नंतर तिथे फुगा येतो.

रबर मुठीकडून टेकवत पुढे न्या, वरून लाटणं हलकेच फिरवा, ताणू मात्र नका. ताणलेलं रबर नंतर आक्रसतं आणि कडेचं लाकूड उघडं पडतं. मग बॅट पालथी घालून नव्या कटरने कापा. उत्पादकाचं नाव आणि मान्यतेचा शिक्का मुठीलगत, शाबूत दिसला पाहिजे. तो कापला गेला तर स्पर्धेत पंच बॅट नाकारू शकतात. एक बाजू काळी हवीच.

बिघाड ओळखताना

एकाच जागी चेंडू ‘ठप्प’ वाजून मेल्यासारखा उसळला तर तिथे बहुधा फुगा आहे. रबर काढून पुन्हा चिकटवा. प्रत्येक फटक्याला मूठ झणझणत असेल तर ती ब्लेडपासून सुटली आहे का, ते बघा. कडा उचलल्या असतील तर बॅट उन्हात राहिली असणार. मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत दुपारभर पडलेल्या बॅटचा गोंद सुटतो आणि ब्लेडही वाकू शकतं.

चेंडू अचानक घसरायला लागला तर लगेच नवं रबर घेऊ नका. ओल्या स्पंजने धूळ पुसा, रबर वाळू द्या आणि चेंडू त्यावर दाबून पुढे सरकवा. रबराने तो धरला तर नुसती धूळ होती. स्वच्छ रबरावरूनही तो काचेवरून गेल्यासारखा सटकला, तर वरचा पापुद्रा झिजला आहे. तेव्हा रबर बदला, ब्लेड तेच ठेवा.