फंक्शन लिहिलं, पण उत्तर चुकतंय? या चुका टाळा

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागल्यावर तीन मुलांच्या गुणांची बेरीज करायला मी त्याच चार ओळी तीनदा चिकटवल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी एक नाव बदलायचं राहिलं आणि एकीला दुसरीचे गुण मिळाले. एरर नाही, काही नाही! मग फंक्शन (नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या ओळी) आणि लूप (त्याच ओळी फेरीफेरीने चालवणं) यांकडे वळलो. तिथे वेगळेच खड्डे होते.

डेफ बेरीज(गुण):
    एकूण = ०
    फॉर ग इन गुण:
        एकूण = एकूण + ग
    रिटर्न एकूण

(वाचायला सोपं म्हणून सगळं देवनागरीत दिलंय. टाइप करताना डेफ, फॉर, इन, रिटर्न आणि आकडे इंग्रजीतच हवेत. नावं मात्र पायथन ३ मध्ये मराठीत चालतात.)

गुण ७२, ६५, ८१ असतील तर २१८ यायला हवेत. चुकीचं उत्तर आलं तर पुसू नका, नीट बघा. चूक कुठे आहे ते त्यातच दिसतं.

७२ आले? रिटर्न चार स्पेस जास्त आत गेलाय, म्हणजे लूपच्या पोटात. पहिल्याच फेरीत फंक्शन संपलं. ८१ आले तर 'एकूण = ०' ही ओळ लूपच्या आत आहे; दर फेरीला पाटी कोरी होते आणि शेवटचा आकडा तेवढा उरतो. आणि 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') दिसलं तर रिटर्न लिहायचाच राहिलाय. बहुतेक वेळा त्याच्या जागी प्रिंट असतो. स्क्रीनवर २१८ उमटतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण ती बेरीज तीनने भागून सरासरी काढायला गेलात की टाइप-एरर, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी तक्रार. प्रिंट फक्त दाखवतो, हातात देतो तो रिटर्न. माझे सगळ्यात जास्त तास यातच गेले.

रेंजचा (ओळीने आकडे देणाऱ्या फंक्शनचा) घोळ सगळ्यांना एकदा तरी भोवतो. बेचा पाढा रेंज(१, १०) ने छापलात तर 'बे नवे अठरा'वर गाडी थांबते, कारण शेवटचा आकडा धरत नाहीत. 'बे दाही वीस' हवं तर ११ लिहा.

लूप चालू असताना त्याच यादीतून रिमूव्हने काही काढूही नका. पुढचे घटक एक घर सरकतात आणि एखादा तपासायचा राहून जातो. हवे तेवढे घटक नव्या यादीत घ्या.

आणि दोन ओळी दोनदाच येत असतील तर राहू द्या की! त्यासाठी पाच पॅरामीटरचं (बाहेरून द्यायच्या पाच गोष्टींचं) फंक्शन लिहिलंत तर महिन्याने तुम्हालाच ते उलगडत बसावं लागेल. तिसऱ्यांदा कॉपी करायला हात गेला, की मग डेफ.