‘इन्फेक्शन’ या शब्दाचे मूळ कसे शोधावे आणि त्यासाठी योग्य मराठी शब्द कसा निवडावा

आरोग्यविषयक बातमी, माहितीपत्रक किंवा लेख मराठीत लिहिणाऱ्याला ‘इन्फेक्शन’ हा शब्द रोज भेटतो. त्याच्यापुढे संसर्ग, संक्रमण, लागण, बाधा, प्रादुर्भाव आणि साथ असे निदान अर्धा डझन पर्याय उभे असतात, आणि त्यांतला जो आधी सुचेल तो वापरण्याकडे कल असतो. शब्दाचे मूळ आणि त्याच्या अर्थाचा प्रवास नीट तपासला, तर कोणत्या वाक्यात कोणता पर्याय बसतो हे बरेचसे आपोआप उलगडते. हा तपास कोणत्या क्रमाने करावा, हे येथे त्याच एका शब्दाच्या आधारे दाखवले आहे.

सुरुवात मुळापासून नव्हे, तर आजच्या अर्थापासून करावी, कारण कशाचा उगम शोधायचा आहे हेच पक्के नसेल तर शोध भरकटतो. आजच्या वैद्यकात इन्फेक्शन म्हणजे जीवाणू, विषाणू, बुरशी किंवा परजीवी यांनी शरीरात शिरून तेथे वाढणे. या व्याख्येत आजारपणाचा उल्लेख नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू कधी ना कधी शिरलेले आहेत. पण त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी क्षयरोग होतो. उरलेल्यांना संसर्ग आहे, रोग नाही, आणि त्यांच्यापासून तो दुसऱ्याला होतही नाही. उलट बाजूने पाहिले तर धनुर्वात हे निःसंशय इन्फेक्शन आहे, परंतु धनुर्वाताच्या रुग्णाशेजारी बसल्याने तो कोणालाही होत नाही. त्याचे जंतू मातीतून जखमेत शिरतात. म्हणजे जंतूचा शिरकाव, त्यातून होणारा रोग आणि त्या रोगाचे एकाकडून दुसऱ्याकडे जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढील सगळी निवड या फरकावर उभी आहे.

यानंतर शब्दाची फोड करावी. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आलेला होता. लॅटिनमध्ये ‘इन्फिकेरे’ असे क्रियापद आहे. ‘इन’ म्हणजे आत आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे; जोडशब्दात ‘फाकेरे’चे ‘फिकेरे’ होते. फॅक्टरी, इफेक्ट, डिफेक्ट आणि परफेक्ट हे आपल्या बोलण्यात रुळलेले शब्द याच धातूची भावंडे आहेत. एवढेच नव्हे, तर ‘फाकेरे’चे मूळ आणि संस्कृतातील ‘धा’ धातूचे मूळ एकच असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. विधी, निधी आणि विधान हे शब्द या ‘धा’पासून झाले आहेत. फोड करून हाती आलेला अर्थ मात्र अंतिम समजू नये. ‘आत करणे’ यातून काहीच बोध होत नाही, म्हणून ते क्रियापद प्रत्यक्षात कसे वापरले गेले याचे दाखले पाहावेत.

दाखले पाहिले की चित्र स्पष्ट होते. ‘इन्फिकेरे’चा रोजच्या वापरातला अर्थ बुडवणे, रंगवणे आणि त्यातून पुढे डागाळणे, नासवणे असा होता. रोममध्ये कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याला ‘इन्फेक्टोर’ म्हणत. ज्युलिअस सीझरने ब्रिटनवरील स्वारीचे वर्णन करताना, तेथील लोक अंगाला निळा रंग देणारे द्रव्य फासतात आणि त्यामुळे लढाईत भयंकर दिसतात, असे लिहिले आहे. तेथे त्याने हेच क्रियापद योजले आहे. त्या वाक्यात रोगाचा मागमूस नाही. रंग सुटणारा एक कपडा बादलीत पडला की सगळे धुणे रंगते, तशी ही क्रिया आहे. आत काहीतरी मिसळले गेले आणि सगळ्याचा गुण बदलला, या कल्पनेतूनच हवा किंवा पाणी दूषित होणे, मन भ्रष्ट होणे आणि अखेरीस शरीरात रोग शिरणे, हे अर्थ एकामागून एक निघाले.

येथेच एक सापळा आहे. लॅटिन कोशात ‘इन्फेक्टुस’ हा शब्द पाहिला तर दोन अर्थ मिळतात: ‘रंगवलेले, दूषित’ आणि ‘न केलेले, अपुरे’. हे एकाच शब्दाचे दोन अर्थ नव्हेत, तर सारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या शब्दांचे अर्थ आहेत. पहिल्यातील ‘इन’ म्हणजे ‘आत’, दुसऱ्यातील ‘इन’ हा आपल्या ‘अ’सारखा नकार आहे. लॅटिन व्याकरणात अपूर्ण क्रियेला ‘इन्फेक्टुम’ आणि पूर्ण क्रियेला ‘पेर्फेक्टुम’ म्हणतात, ते या दुसऱ्या शब्दामुळे. ‘इन्फेक्शन म्हणजे मुळात शरीराचे अपुरेपण’ असे काही वाचनात आले, तर लिहिणाऱ्याने कोशातील चुकीची ओळ उचलली आहे असे समजावे.

मग शेजारचा शब्द तपासावा, कारण शब्दाच्या अर्थाची सीमा अनेकदा शेजाऱ्यामुळे ठरते. इंग्रजीतील ‘कन्टेजन’ हा शब्द लॅटिन ‘तान्गेरे’, म्हणजे स्पर्श करणे, यापासून आला आहे. जुन्या इंग्रजी लेखनात माणसाच्या माणसाला झालेल्या स्पर्शाने रोग गेला तर ‘कन्टेजन’ आणि दूषित हवा-पाण्यातून आला तर ‘इन्फेक्शन’, असा भेद पुष्कळदा केलेला आढळतो. वेरोनाचा वैद्य जिरोलामो फ्राकास्तोरो याने १५४६ साली ‘कन्टेजन’वर लिहिलेल्या ग्रंथात रोग पसरण्याच्या तीन वाटा सांगितल्या: थेट स्पर्शाने, कपड्यांसारख्या वस्तूंमार्फत आणि दुरून. त्याने रोगाची ‘बीजे’ असा शब्दही वापरला. तथापि, ती बीजे म्हणजे जंतू असे समजणे हा नंतरचे ज्ञान आधीच्या माणसावर लादण्याचा प्रकार होईल. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ साली. शब्द जुना असतो, अर्थ मात्र ज्ञानाबरोबर नवा होत जातो आणि कधीकधी नाव तसेच मागे राहते. मलेरियाचा मूळ अर्थ इटालियनमध्ये ‘वाईट हवा’ असा आहे. रोनाल्ड रॉस याने १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला, तरी नावातील हवा काही गेली नाही.

हीच दक्षता संस्कृतकडे वळताना पाळावी, किंबहुना अधिक पाळावी, कारण तेथे अभिमान आडवा येतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, कुष्ठनिदानाच्या अध्यायाच्या शेवटी, रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची कारणे श्लोकबद्ध केली आहेत: निकट संबंध, अंगाचा स्पर्श, श्वास, एकत्र जेवणे, एका अंथरुणावर किंवा आसनावर निजणे-बसणे, तसेच दुसऱ्याची वस्त्रे, माळा आणि लेप वापरणे. यामुळे कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद आणि इतर औपसर्गिक रोग ‘सङ्क्रामन्ति नरान्नरम्’, म्हणजे माणसाकडून माणसाकडे जातात, असे तेथे म्हटले आहे. शोष म्हणजे क्षयासारखा झिजवणारा रोग, आणि नेत्राभिष्यंद म्हणजे ज्याला आपण ‘डोळे येणे’ म्हणतो तोच. निरीक्षण इतके बारीक आहे की रुमाल वेगळा ठेवण्याचा आजचा सल्ला त्यातून सरळ निघतो. मात्र हे ज्ञान रोगाच्या वाटेचे आहे, वाटसरूचे नव्हे. यावरून सुश्रुताला जीवाणू ठाऊक होते असे सांगणारे संदेश फिरतात, त्यांना या श्लोकात आधार नाही.

या श्लोकामुळे दोन मराठी शब्दांचे मूळ मात्र हाती लागते. ‘संक्रमण’ हा ‘सम्’ आणि ‘क्रम्’ यांचा, म्हणजे पाऊल टाकून पलीकडे जाण्याचा शब्द आहे. मकरसंक्रांतीतील संक्रांत तीच. ‘औपसर्गिक’मधील ‘उपसर्ग’ आणि आपला ‘संसर्ग’ हे दोन्ही ‘सृज्’ धातूपासून झाले आहेत. निसर्ग, विसर्ग आणि सर्जन हेही त्याच घरचे. ‘सम्’ लागल्यावर ‘सृज्’ला एकत्र येणे, मिसळणे असा अर्थ येतो, आणि म्हणून संसर्ग म्हणजे मुळात नुसता संबंध, सहवास. ‘संसर्गजा दोषगुणा भवन्ति’ या वचनात दोषांइतकेच गुणही संसर्गाने येतात. लॅटिन शब्दात डाग आधीपासून आहे. संसर्गात तो नंतर आला.

आता निवडीकडे यावे. ‘इन्फेक्शन’साठी सर्वांत निर्धोक मराठी शब्द ‘संसर्ग’ हाच आहे, कारण तो जंतू आणि अवयव या दोहोंशी जुळतो: विषाणूचा संसर्ग, बुरशीचा संसर्ग, मूत्रमार्गाचा संसर्ग, फुप्फुसांना झालेला संसर्ग. संदिग्धता नको असेल तेथे ‘जंतुसंसर्ग’ लिहावे. ‘संक्रमण’ हा या अर्थाने हिंदीत स्थिरावलेला शब्द आहे. मराठीत तो चूक नाही, परंतु आपल्याकडे संक्रमणकाळ म्हणजे स्थित्यंतराचा काळ असल्यामुळे, ‘शहर सध्या संक्रमणातून जात आहे’ यासारखे वाक्य दोन प्रकारे वाचले जाते; मी तो टाळतो.

‘लागण’ हा अस्सल मराठी आणि सर्वांत जिवंत पर्याय आहे, पण त्याची रचना वेगळी आहे. त्याला रोगाचे नाव लागते. ‘डेंग्यूची लागण झाली’ हे बरोबर. ‘जखमेला लागण झाली’ असे कोणी म्हणत नाही. जखम चिघळते, पिकते किंवा तिच्यात जंतुसंसर्ग होतो. संस्कृत ‘लग्’, प्राकृत ‘लग्ग’ आणि मराठी ‘लागणे’ अशी ही वाट आहे आणि ‘लग्न’ हा त्याच धातूचा शब्द आहे. कोल्हापूर-सांगलीकडे मात्र ‘यंदा लागण उशिरा झाली’ असे ऐकू आले तर घाबरू नये. ते उसाच्या लागवडीविषयी असते.

‘बाधा’ अडथळा आणि पीडा या अर्थाचा शब्द आहे. भूतबाधेपासून विषबाधेपर्यंत तो सर्वत्र चालतो, त्यामुळे नेमकेपणासाठी एकटा वापरू नये. ‘कोरोनाबाधित’ हा शब्द २०२० सालापासून घरोघरी पोहोचला आणि तो सोयीचाही ठरला, कारण लक्षणे असोत वा नसोत, चाचणीत विषाणू आढळलेला माणूस त्यात येतो. ‘एचआयव्हीबाधित’ आणि ‘एड्सचा रुग्ण’ यांतील फरकही याच जातीचा असून तो काटेकोरपणे पाळावा. ‘विषबाधा’ मात्र संसर्गापासून दूर ठेवावी. लग्नघरच्या जेवणाने शंभर जणांना उलट्या झाल्या तर ती जंतूंनी अन्नात आधीच सोडलेल्या विषामुळेही असू शकते. कारण कळेपर्यंत ‘जेवणानंतर त्रास झाला’ एवढेच लिहिणे बरे.

‘प्रादुर्भाव’ म्हणजे प्रकट होणे. कपाशीवर बोंडअळीचा, डाळिंबावर तेल्याचा प्रादुर्भाव होतो आणि शेतीच्या भाषेत तो चपखल बसतो. गावात रोग दिसू लागला या अर्थानेही चालतो. एका माणसाला प्रादुर्भाव होत नाही. ‘साथ’ही एका माणसाची नसते; गावात साथ येते, पसरते आणि ओसरते. १८९७ चा कायदा मराठीत साथरोगांचा कायदा म्हणून ओळखला जातो. आदल्या वर्षी मुंबईत उद्भवलेल्या प्लेगमुळे तो झाला, हे पाहता तेथे ‘साथ’ हाच शब्द योग्य आहे.

‘संसर्गजन्य’ या विशेषणाबाबत थोडे थांबावे लागते, कारण मराठीत ते दोन्ही कामे करते: जंतूंमुळे होणारा आणि माणसाकडून माणसाकडे जाणारा. धनुर्वाताला नुसते संसर्गजन्य म्हटले तर वाचक रुग्णापासून चार हात दूर राहील. म्हणून ज्या रोगाचा माणसातून माणसात प्रसार होत नाही, तेथे ‘जंतूंमुळे होणारा’ असे उलगडून लिहावे, आणि जेथे होतो तेथे वाटही सांगावी: श्वासातून, पाण्यातून, डासामार्फत, रक्तातून.

तपासासाठी साधने फार लागत नाहीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश पाहावा. मोल्सवर्थमध्ये एखादा शब्द पाहताना पहिल्या अर्थावर न थांबता नोंद शेवटपर्यंत वाचावी, कारण बोलीतील वापर आणि वाक्प्रचार अनेकदा तेथे दडलेले असतात. तो कोश जंतुशास्त्राच्या आधीचा असल्याने त्यात आजचा वैद्यकीय अर्थ शोधू नये. लोक तो शब्द कशाबरोबर आणि कोणत्या प्रत्ययाने वापरत होते, एवढे त्यातून टिपून घ्यावे.