कमी पैशात दिवसभर टिकणारा सुगंध: मराठवाड्याच्या उन्हात, बोअरच्या पाण्यात आणि पत्र्याच्या घरात

"डिओ मारला तरी तासाभरात वास जातो" ही तक्रार जालन्यापासून लातूरपर्यंत सगळीकडे ऐकू येते. मग माणूस आणखी उग्र बाटली घेतो, आणखी जास्त मारतो, आणि घाम अधिक डिओ असा तिसराच वास तयार होतो. बाटली बदलून हे सुटत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशी ओलांडतो, हवा कोरडी असते, त्यामुळे हलके सुगंध भराभर उडून जातात. त्यात बोअरचं जड पाणी, त्यामुळे अंगावर आणि कपड्यावर साबणाचा थर राहतो आणि घामाचा वास त्या थरात मुरतो. म्हणून आधी वास काढायचा आणि मग सुगंध लावायचा. पैसेही याच क्रमाने खर्च करा.

काख आणि आंघोळ

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जिवाणू तो घाम खातात आणि त्यातून आंबूस वास सुटतो. डिओ जिवाणू कमी करतो आणि वर सुगंध घालतो, घाम थांबवत नाही. घाम थांबवायचा तर बाटलीवर 'अँटिपर्स्पिरंट' लिहिलेलं पाहिजे. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडं तात्पुरती बंद करतात. हे रात्री, काख पूर्ण कोरडी करून लावायचं. सकाळी आंघोळ करून घाईत, ओल्या काखेत लावलं की घामाबरोबर वाहून जातं आणि पांढऱ्या शर्टाला पिवळे डाग पडतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तुरटी. किराणा दुकानात दहा-वीस रुपयांत मिळणारा खडा दोन-तीन महिने सहज जातो. आंघोळ झाल्यावर काख ओली असतानाच खडा तीन-चार वेळा फिरवा, दोन मिनिटं वाळू द्या, मग बनियन घाला. तुरटीला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे नंतर लावलेल्या अत्तराशी तिचं भांडण होत नाही. काखेतले केस काढले असतील तर त्या दिवशी तुरटीही नको आणि डिओही नको, आग होते. खडा ओल्या साबणदाणीत ठेवला तर विरघळून जातो, कोरड्या वाटीत ठेवा.

साबणाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण मिसळला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं, चरचरीत वाटतं ते त्यामुळे. बॉडी वॉशचा असा साका होत नाही, पण तो महाग पडतो. आपल्याकडचं उटणंही हेच काम करतं आणि त्यात सुगंध असतोच. दिवाळीपुरतं ठेवण्यासारखी ती वस्तू नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून हे आणा:

हरभरा डाळीचं बारीक पीठ 100 ग्रॅम, मुलतानी माती 50 ग्रॅम, नागरमोथा पूड 25 ग्रॅम, वाळ्याची पूड 25 ग्रॅम, कपूरकाचरी 25 ग्रॅम. असेल तर सावलीत वाळवलेल्या गुलाब पाकळ्यांची पूड मूठभर.

सगळं एकत्र करून पातळ सुती कापडातून गाळा. न गाळलेल्या वाळ्याचे तंतू काखेत आणि मानेवर टोचतात, आणि बहुतेक जण तेवढ्यानेच उटणं सोडून देतात. एका आंघोळीला दोन चहाचे चमचे पुरतात. पाण्यात सरबरीत कालवा, अंगाला लावून एक मिनिट चोळा आणि वाळायच्या आत धुवा. पाण्याची टंचाई असेल तेव्हा याचा दुहेरी फायदा: साबणाचा फेस काढायला जे अर्धी बादली जास्तीचं पाणी जातं, ते वाचतं. थंडीत मुलतानी माती वगळा, कातडी आधीच तडकलेली असते. डबा हवाबंद ठेवा. पिठाला जाळी धरली किंवा खवट वास आला की टाकून द्या. एका वेळी महिनाभर पुरेल इतकंच करा.

कपडे

आंघोळ चांगली, डिओ चांगला, तरी दुपारी बाराला शर्टातून कुबट वास येतो. असं होत असेल तर दोष शर्टाचा. पॉलिस्टर घामातलं तेल सुतापेक्षा घट्ट धरून ठेवतं, आणि जड पाण्यात साबणाने धुतलेल्या कपड्यावर साका बसतो. धुतलेल्या, वाळलेल्या शर्टाची काख नाकाशी धरून तळहाताने अर्धा मिनिट गरम करा. वास आला तर तो शर्ट स्वच्छ नाही, कितीही इस्त्री करा.

अर्धी बादली कोमट पाण्यात चार मोठे चमचे खायचा सोडा घाला, कपडा उलटा करून तासभर भिजवा आणि नेहमीसारखा धुवा. शेवटच्या पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला, त्याने साका सुटतो. सोडा आणि व्हिनेगर एकाच पाण्यात टाकू नका. फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि कपड्याच्या वाट्याला काही येत नाही. कपडा उलटाच वाळत घाला, काख उन्हाकडे करून. ऊन आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे.

अत्तर की स्प्रे

गॅसवाल्या डिओच्या 150 मिलीच्या डब्यात बराच भाग गॅसचा आणि अल्कोहोलचा असतो, सुगंध थोडाच. परफ्यूममध्ये सुगंधी तेलाचं प्रमाण नावावरून कळतं: 'ओ द कोलोन'मध्ये साधारण 2 ते 4 टक्के, 'ओ द तॉयलेत'मध्ये 5 ते 15, 'ओ द पार्फ्यूम'मध्ये 15 ते 20. पंपाच्या एका दाबात साधारण 0.1 मिली निघतं. म्हणजे 100 मिलीत हजारेक फवारे. रोज चार मारले तर बाटली आठ महिने जाते. पाचशेची बाटली दिवसाला दोन रुपयांना पडली. किंमत अशी रोजच्या हिशेबाने बघा, मग दोनशेचा डिओ स्वस्त आहे की महाग ते आपोआप कळेल.

अत्तराचा हिशेब याहून चांगला. 3 मिलीच्या कुपीत साधारण साठ थेंब. रोज एक थेंब म्हटलं तरी दोन महिने. रमजानमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात अत्तराचे ठेले लागतात, तेव्हा निवड भरपूर असते. एरवीही जुन्या बाजारपेठेत सुट्टं अत्तर मिळतं.

पण अत्तर घेताना फसगत फार होते, म्हणून थोडं सविस्तर. जुन्या पद्धतीचं अत्तर म्हणजे फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवलेली. उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही देग-भपक्यावर (तांब्याच्या हंड्यांच्या जुन्या भट्टीवर) असं अत्तर काढतात. चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढे आहे, म्हणजे ग्रॅमला शंभरच्या वर. मग 3 मिलीचं 'असली चंदन' शंभर रुपयांत कसं येईल? येत नाही. गुलाबाचंही तेच, किलोभर गुलाबतेलाला तीन-चार टन फुलं लागतात. शंभर-दीडशेच्या कुपीत मिळतो तो कृत्रिम सुगंध, पातळ तेलात मिसळलेला. त्यात वाईट काही नाही, वास आवडला तर जरूर घ्या. फक्त 'असली'चे पैसे देऊ नका.

कागदावर थेंब टाकून 'डाग पडला म्हणजे भेसळ' असं सांगतात, ते चुकीचं आहे. खरं चंदनाचं अत्तरही डाग सोडतं. कागदाचा उपयोग वेगळा: थेंब टाकून कागद खिशात ठेवा, मोंढ्यातली कामं उरका, दोन तासांनी पुन्हा हुंगा. दुकानात उभं राहून येतो तो फक्त पहिला वास, तुमच्या अंगावर दिवसभर राहणार आहे तो नंतरचा. एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक थकतं. मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घेतला की नाक ताळ्यावर येतं.

ऋतू पाहून निवडा. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, केवडा, लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास. हिना, शमामा, ऊद (अगरूच्या लाकडाचं अत्तर), अंबर हे थंडीचे. मे महिन्यात भर दुपारी बसमध्ये हिना लावून बसलात तर शेजारच्याचं डोकं उठेल. परभणीला थंडीत पारा एक आकडी होतो, तेव्हा तोच हिना मफलरीत दिवसभर मंद दरवळतो. पहिल्या पावसाचा वास आवडणाऱ्यांनी मिट्टी अत्तर जरूर हुंगून बघावं, भाजलेल्या मातीवरून काढलेलं असतं.

लावायचं कसं

कोरड्या कातडीवर सुगंध टिकत नाही. जिथे लावायचं तिथे आधी मुगाएवढं व्हॅसलीन चोळा, त्यावर अत्तर. मनगट, कानामागे, मानेच्या मागच्या बाजूला. मनगटावर मनगट घासू नका. उन्हाळ्यात पुढच्या गळ्यापेक्षा मागची मान बरी, ऊन कमी लागतं आणि जवळ आलेल्यालाच वास येतो. स्प्रे वीतभर अंतरावरून, छातीवर दोन आणि मानेमागे एक, शर्ट घालायच्या आधी. दाढी केल्या केल्या गालावर काहीही मारू नका. लिंबाच्या सालीचं अस्सल तेल अंगाला लावून उन्हात जाऊ नये, कातडीवर काळे चट्टे उठू शकतात.

कपड्यावर अत्तर लावायचं तर आतल्या शिवणीला. पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा पिवळा ठिपका कायमचा बसतो. जुना फाया हा सर्वांत चांगला मार्ग आहे: कापसाची वाटाण्याएवढी गोळी, तिला एक थेंब, आणि कानाच्या वरच्या घडीत खोचायची. कातडीला फारसं लागत नाही, कपड्याला डाग नाही, आणि संध्याकाळी काढून कपाटात टाकला तर कपड्यांनाही वास लागतो.

नवीन काहीही कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. आणि लक्षात घ्या, पंधरा-वीस मिनिटांत आपल्याच नाकाला आपला वास येईनासा होतो. वास गेला असं समजून पुन्हा मारू नका, घरातल्या कुणाला तरी विचारा.

घर

कूलरच्या टाकीत अत्तर किंवा फिनाईल ओतण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. तेल गवतावर चिकटतं, पाणी झिरपत नाही, गारवा कमी होतो आणि चार दिवसांत माशासारखा वास सुटतो. त्याऐवजी वाळ्याच्या ताट्या बसवा. बसवण्याआधी तासभर भिजवून पहिलं तांबूस पाणी फेकून द्या. टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासा, डासांसाठीही ते गरजेचंच आहे. जड पाण्याने ताटीवर पांढरा थर चढला की वास बंद होतो. थर झटकून थोडे दिवस निघतात, पण हंगाम संपला की ताटी बदला.

ऊद (लोबान, म्हणजे धुपाचा राळेसारखा खडा) जाळताना धूर काळा आणि करपट येतो, कारण निखारा उघडा असतो. गोवरीचा तुकडा पूर्ण लाल झाला की त्यावर चिमूटभर राख पसरा आणि मग ऊद ठेवा. हरभऱ्याएवढे दोनच खडे. राखेमुळे ऊद जळत नाही, वितळतो, आणि धूर पांढरा, गोडसर येतो. ऊद दोन भाग, गुग्गुळ एक भाग, नागरमोथा अर्धा भाग हे मिश्रण चांगलं बसतं. कापूर यात घालू नका, भडका उडतो. दहा मिनिटांनी खिडक्या उघडा. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचा माणूस असेल तर धूर नकोच.

धुराऐवजी फवाराही करता येतो. मेडिकलमधून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा. आधी चमचाभर अल्कोहोलमध्ये अत्तराचा एक थेंब टाकून बघा. विरघळला तर ठीक, न विरघळता वेगळा राहिला तर ते पॅराफिनमधलं (खनिज तेलातलं) अत्तर आहे, फवाऱ्याला चालणार नाही. 30 मिली अल्कोहोलमध्ये 40 थेंब अत्तर मिसळा, मग 70 मिली आरओचं पाणी. दुधासारखं पांढरं झालं तरी बिघडलं नाही, दर वेळी हलवून मारा. बोअरचं पाणी घातलं तर आठवड्यात नळी तुंबते. पडदे, पायपुसणं, सोफ्याची मागची बाजू इथेच मारा, अंगावर नाही. देवघरातला दिवा किंवा गॅस पेटलेला असताना तर अजिबात नाही.

कपाटात वाळ्याची छोटी जुडी किंवा सुती पुरचुंडीत नागरमोथ्याचे तुकडे ठेवा. महिन्याने वास मंदावला की पाण्याचा हात लावून सावलीत वाळवा, पुन्हा येतो. बुटांत रात्री एक चमचा खायचा सोडा टाकून सकाळी झटका, आणि एकच जोड रोज घालू नका. तो आतून वाळायला पूर्ण दिवस लागतो.

ठेवायचं कुठे

गॅसच्या डिओच्या डब्यावर 50 अंशांच्या वरच्या उष्णतेत ठेवू नका असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी तिथवर सहज जाते. डबा डिकीत कधीच ठेवू नका, फुटू शकतो. पत्र्याच्या घरात वरच्या फळीपेक्षा खालचा कप्पा गार असतो, तिथे कपड्यात गुंडाळून ठेवा. न्हाणीत नको. ब्रँडच्या बाटलीच्या लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक (आयात मालावर आयात नोंदणी क्रमांक), बॅच क्रमांक आणि वापराची मुदत नसेल, तर 'फर्स्ट कॉपी' कितीही हुबेहूब दिसो, अंगाला लावू नका. घरातली जुनी बाटली गडद झाली, वर आंबट किंवा पेंटसारखा वास येऊ लागला, तर तीही अंगाला नको.